बाहेर पडल्याची वेळ

एकेचाळीस नंबरची चिठ्ठी तिनं उलगडली आणि मजकुराच्या आधी तिला दिसल्या त्या रेघा. पेन्सिलीनं, पट्टी धरून, बरोबर बोटभर अंतर सोडून मारलेल्या रेघा, आणि त्यांच्यावर निळ्या शाईत एकेक अक्षर टेकवून बसवलेलं. चिठ्ठी छापील, खालची जागा कोरी, तिच्यावर ज्यानं त्यानं हवं तसं खरडावं अशीच अपेक्षा. आधीच्या चाळीस जणांनी खरडलंही होतं. रेघा मारून सूचना लिहिणारा माणूस या अख्ख्या इमारतीत एकच. अजून एक शब्दही वाचला नव्हता. तिनं चिठ्ठी पालथी घातली, चष्मा पुसला, पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. "काय गं, परत उंदीर का?" शेजारच्या टेबलावरून आवक-जावकच्या बाईंनी विचारलं. "हो, उंदीरच," ती म्हणाली.

उंदीर म्हणजे नंबर बारा. 'उंदीर हीसुद्धा सुरक्षेचीच बाब आहे, ते विजेच्या तारा खातात, आणि साहेब लक्ष देत नाहीत.' दरवर्षी कार्यालयात सुरक्षा सप्ताह व्हायचा, जिन्याखाली कुलपाची पेटी ठेवली जायची, आणि कर्मचाऱ्यांनी कार्यालय अधिक सुरक्षित कसं करावं याच्या सूचना तीत टाकायच्या. यंदा चौसष्ट आल्या होत्या. चिठ्ठीची खालची पट्टी दुमडून चिकटवलेली असते, नाव तिच्या आत. कोणाची सूचना ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. प्रत्येक सूचनेला तीन रकान्यांत गुण द्यायचे, उपयुक्तता, व्यवहार्यता, तातडी, दहापैकी. ज्या तीन सूचना वर येतील त्यांच्या पट्ट्या शुक्रवारी सभागृहात, सगळ्यांसमोर, मोठे साहेब स्वतःच्या हातानं फाडणार आणि नाव वाचणार. गेली चार वर्षं गुण देण्याचं काम तिच्याकडे होतं, कारण ती कोणाचीही भीड ठेवत नाही असा तिचा लौकिक. बापाच्या वळणावर गेलीय, असं लोक म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. सकाळपासून ती मजेत होती. एकानं लिहिलं होतं, आग विझवायचं नळकांडं दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला टेकू म्हणून लावलेलं असतं, तर आग लागल्यास आधी दार धरायला माणूस नेमावा. नंबर सातनं तक्रार केली होती की दारावरचा पहारेकरी हल्ली रोजच्या माणसांनाही पास मागतो, काल तर मोठ्या साहेबांनाच अडवलं, हा काय फौजदार लागून गेला का? आणि नंबर तेवीसनं लिहिलं होतं, मोठ्या साहेबांनाही पास मागणारा असा डोळ्यांत तेल घालून बसणारा पहारेकरी प्रत्येक दाराला मिळो. सातला तिनं तिन्ही रकान्यांत दोन-दोन गुण दिले होते, तेवीसला आठ-आठ. देताना गालातल्या गालात हसली होती. दारावरचा तो फौजदार म्हणजे तिचे वडील.

मग तिनं चिठ्ठी सुलटी केली आणि वाचली. 'मुख्य दरवाज्यावरील पहारेकऱ्यास हल्ली चेहरे लक्षात राहत नाहीत. सकाळी थोडेफार जमते, सायंकाळी अजिबात नाही. पास वाचून तो वेळ मारून नेतो, म्हणून लोकांस तो कडक वाटतो. कडक नाही. मागील महिन्यात रोजचा समजून एक परका इसम आत सोडला. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आला. सुदैवाने काही घडले नाही. पुढच्या वेळी घडेल. स्वतः जाऊन सांगण्याची त्याची छाती होत नाही. तरी त्यास दरवाज्यावरून काढावे. यात त्याचा दोष नाही, पण आतल्या माणसांचा तरी काय दोष.'

तिनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिला 'कडक नाही' या दोन शब्दांपाशी पुढं जाता येईना. बाहेर कुणीतरी लोखंडी कपाट सरकवत होतं, त्याचा आवाज दातांत शिरत होता. आवक-जावकच्या बाई टपालावर शिक्के मारता मारता सुनेची तक्रार सांगत होत्या, आणि ती मधूनमधून "हो ना" म्हणत होती, बरोबर जागी म्हणत होती. माणसाच्या आत घर कोसळत असताना बाहेर 'हो ना' इतकं बिनचूक कसं निघतं, कोण जाणे. तिला एकदम राग आला. बाबांचा नाही, त्या रेघांचा. एवढं लिहायचं होतं तर वेडंवाकडं लिहायचं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं, मला ओळखू येणार नाही असं काहीतरी करायचं. पण तेही मनाशी धरवेना, कारण तिनंच महिन्यापूर्वी दारात थांबून त्यांना सांगितलं होतं, "बाबा, यंदाही चिठ्ठ्या माझ्याकडेच हं, काही टाकायचं असलं तर वशिला आहे." ते हसले होते. मग हे त्यांनी तिलाच लिहिलं होतं का? आईच्या माघारी दोन खोल्यांत एकटा राहणारा, पोटातलं ओठांवर न येऊ देणारा माणूस आपल्या लेकीशी बोलायला कार्यालयाच्या पेटीत चिठ्ठी टाकतो? की चिठ्ठ्या कोणाकडे जातात हेसुद्धा ते विसरून गेले होते? यातलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना.

अक्षर तिनं त्यांच्याच रेघांवर गिरवलं होतं. शाळेत जाण्याच्या आधी, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली बसून, ते ड्यूटीवरून आले की. आधी रेघ, मग अक्षर. रेघ नसली की अक्षराला उभं कुठं राहायचं ते कळत नाही, म्हणायचे. आणि त्यांचा दुसरा धडा होता कानांचा. रस्त्यानं जाताना समोरून येणारा माणूस दाखवायचे, मग म्हणायचे, डोळे मीट, सांग कसा होता. ती सांगायची, मिशी होती, टक्कल होतं, निळा शर्ट होता. "नापास," बाबा म्हणायचे. "मिशी काढता येते, टक्कल टोपीखाली जातं, शर्ट तर रोज बदलतो. कान बघायचे, चिमणे. माणूस म्हातारा होईल, जाड होईल, दाढी वाढवेल, कान तेच राहतात." इमारतीतल्या चारशे बारा माणसांचे कान त्यांना पाठ होते. एकदा सात वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेला लेखनिक दाढी वाढवून, चांगला दुप्पट होऊन परत आला तर त्यांनी पायरीवरच हाक मारली होती, आणि तो लेखनिक दारातच रडला होता, कारण वर विभागात त्याला कुणी ओळखलंच नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघून आल्यावर आईनं विचारलं, कसा आहे, तर बाबा म्हणाले होते, कान चांगले आहेत. घरात आठवडाभर त्यावर हसणं चाललं होतं.

आणि पासाचं तर काय सांगावं. अकरा वर्षांपूर्वी ती नोकरीच्या पहिल्या दिवशी नवे कपडे घालून, छाती धडधडत दारात आली, तर बाबांनी हात आडवा केला. "पास?" ती म्हणाली, "अहो बाबा, मी." ते म्हणाले, "बाबा घरी. इथं पास." मागं रांग हसली. तिनं पास काढला, तो त्यांनी हातात घेऊन मोठ्यानं वाचला, तिचं नाव, मधलं नाव, आडनाव. मधलं नाव त्यांचंच. लग्नानंतरही कार्यालयातलं नाव तिनं बदललं नव्हतं. स्वतःचं नाव सगळ्या रांगेसमोर वाचताना त्यांचा आवाज जरासा चढला होता. "बरं, जा," असं म्हणून त्यांनी पास परत दिला होता. तेव्हापासून रोज. रोज हात आडवा, रोज नाव, रोज बरं जा. सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुटीच्या दिवशी फोन, सणासमारंभाला गाठ. तिचं माहेर म्हणजे खरं तर ते दारच होतं, सकाळची अर्ध्या मिनिटाची गंमत. फोनवर तर ते तेच बाबा होते, ठरल्या वेळी घंटी वाजली की "बोल, चिमणे". ठरलेल्या फोनला कुठं चेहरा ओळखावा लागतो. आता ती खुर्चीत बसल्या बसल्या ती सगळी अर्धी मिनिटं उलटी मोजू लागली आणि तिला एक गोष्ट दिसली, जी रोज डोळ्यांसमोर होती. पूर्वी बाबा आधी हसायचे आणि मग पास मागायचे. ती पायरी चढत असतानाच मिशीखाली हसू यायचं, ते दाबून हात आडवा व्हायचा. गेले काही महिने हसू नंतर येत होतं. आधी पास, मग नाव, मग मधल्या नावाशी ते थबकायचे, आणि मग मान वर करून हसायचे. ती म्हणत होती, बाबांनी नाटक आणखी रंगवलंय.

केस कापले तो दिवस आठवला आणि तिनं टेबलाची कड घट्ट धरली. दोन महिन्यांपूर्वी, सतरा तारखेला, खांद्यापर्यंतचे केस कापून, नवा चष्मा लावून ती आली होती. पास पर्समध्ये तळाशी गेलेला. बाबांनी वर पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "कोणाकडे जायचंय, ताई?" तिला इतकं हसू आलं. आज स्वारी रंगात आहे, तिला वाटलं. तिनंही चेहरा सरळ ठेवला. "वडिलांकडे." "काम?" "भेट." बाबांनी भेटीला येणाऱ्यांची वही पुढं ओढली आणि लिहून घेतलं. खरंच लिहिलं. मग तिनं पास काढून त्यांच्या नाकासमोर नाचवला. त्यांनी तो घेतला, वाचला, आणि हसायला लागले. खूप वेळ हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, रुमाल काढून पुसेपर्यंत. तिनं दिवसभर विभागात ती गोष्ट रंगवून सांगितली. आमचे बाबा म्हणजे ना! आवक-जावकच्या बाईंना तर दोनदा सांगितली.

जेवणाच्या सुटीत दारावर बदली पहारेकरी बसतो. ती खाली गेली. डबा उघडलाच नव्हता. "काका जेवायला गेलेत, मॅडम," तो म्हणाला. "माहीत आहे, जरा वही बघू," ती म्हणाली, आणि चिठ्ठ्यांच्या कामाचं आहे असं सांगितलं, ते खोटंही नव्हतं. वहीत सहा रकाने. आत येण्याची वेळ, नाव, कोणाकडे, काम, सही, बाहेर पडल्याची वेळ. शेवटचा रकाना बाबांचा अभिमान होता. बाहेर पडणाऱ्याला ते कधी थांबवायचे नाहीत. माणूस पायऱ्या उतरत असायचा तोवर त्यांनी चेहरा पाहून त्याची ओळ शोधून वेळ टाकलेली असायची. तिनं मागची पानं चाळली. वर्षाच्या सुरुवातीचा शेवटचा रकाना गच्च भरलेला. पुढं विरळ झाला. मग दुपारपर्यंतच्या वेळा आहेत आणि सायंकाळच्या नाहीत अशी पानं आली. मग पानंच्या पानं रिकामी, नुसत्या रेघा. शेकडो माणसं आत आली होती आणि वहीप्रमाणे एकही बाहेर पडलं नव्हतं. सतरा तारखेची ओळ सापडली. नऊ पन्नास. नावाच्या जागी तिचं पूर्ण नाव, वेगळ्या शाईत, म्हणजे पास वाचल्यावर नंतर लिहिलेलं. कोणाकडे, वडील. काम, भेट. बाहेर पडल्याची वेळ, काही नाही. "सापडलं का?" बदली पहारेकऱ्यानं विचारलं. ती म्हणाली, "सापडलं."

वर आल्यावर तिनं गुणांचा कागद पुढं घेतला. एकेचाळीससमोर उपयुक्तता दहा, व्यवहार्यता दहा, तातडी दहा. चार वर्षांत तिनं कुणालाही तिन्ही दहा दिले नव्हते. लिहून झालं आणि तिला कळलं की आपण बापाला सभागृहात उभं केलं. शुक्रवारी पट्टी फाटणार, मोठे साहेब नाव वाचणार, आणि चारशे बारा माणसं वळून मागं बघणार, आणि मागं बाबा उभे असणार, आणि त्या चारशे बारांपैकी एकाचाही चेहरा त्यांना ओळखीचा वाटणार नाही. आणि गुण कमी दिले तर? तर काही नाही. सात महिन्यांनी निवृत्ती, गुच्छ, भाषण, एवढी वर्षं दार राखलं म्हणून. सात महिने फक्त. या सात महिन्यांत तिसऱ्या मजल्यापर्यंत कोण जाऊन येईल ते ज्याचं त्याचं नशीब; तिसऱ्या मजल्यावर आवक-जावकच्या बाई होत्या, सुनेला नावं ठेवत बसलेल्या, आणि ती स्वतः होती. सात महिने गप्प बसायला काय लागतं? सगळी दुनिया गप्प बसते. पण ज्यानं गप्प बसायचं ठरवलं नाही तोच खाली दारात बसला होता. छाती होत नाही असं लिहायलासुद्धा केवढी छाती लागली असेल त्या माणसाला! कुठं लिहिलं असेल? घरी, ओट्याशी, पट्टी घेऊन? पहिली रेघ मारताना हात थांबला असेल का? तिला रडायचं होतं आणि समोर टपालाचे शिक्के पडत होते, धप्, धप्.

शेवटी तिनं तिन्ही दहांवर आडवी रेघ मारली, शेऱ्यात लिहिलं, 'मजकूर वैयक्तिक, सूचना बाद', आणि सही केली. बाद झालेल्या चिठ्ठीची पट्टी कुणी फाडत नाही. मग कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या नावानं मोठ्या साहेबांना लिहिलं की मुख्य दरवाज्यावरील पहारेकरी हे माझे वडील असून, त्यांना माणसं ओळखणं अवघड जात असल्याचं माझ्या लक्षात आलं आहे, तरी त्यांना उद्यापासून दारावर बसवू नये, आणि ही बाब कृपया सभेत काढू नये. 'असून' या शब्दापाशी पेन अडलं होतं. लोक काय म्हणतील ते तिला ऐकूही येऊ लागलं: पोटच्या पोरीनं बापाला दारातून उठवलं, सात महिने दम निघाला नाही. म्हणू देत. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला तेव्हा ते नव्हते, नुसती खुर्ची होती. परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मजकूर लिहिण्याआधी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या, आणि पट्टी टेबलावर तशीच पडली होती.

साडेसहाला इमारत रिकामी झाली. ती मुद्दाम थांबली होती. बाबांना आधी आपल्या तोंडून सांगायचं, कागद साहेबांनी वाचण्याच्या आधी. जिन्यावरून उतरताना ती वाक्यं जुळवत होती. बाबा, तुमची चिठ्ठी मिळाली. बाबा, मी कळवलंय, तुम्ही काही बोलू नका. बाबा, आज आमच्याकडे चला, तिकडेच राहा. पास वर खुर्चीलाच अडकवलेला राहिला होता. ते तिच्या दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, आणि ती परत गेली नाही. का गेली नाही, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

बाबा टेबलाशी ताठ बसले होते. दाढी केलेली, टोपी सरळ, वहीवर पट्टी आडवी ठेवलेली. तिची पावलं ऐकून त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. नीट, आदरानं, परक्या बाईकडे बघावं तसं. तिच्या ओठांवर आलेलं 'बाबा' तिथंच राहिलं.

"उशीर झाला, ताई," ते म्हणाले. "कोणाकडे आला होतात?"

तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. "वडिलांकडे," ती म्हणाली.

"हं." त्यांनी वही ओढली, आजच्या पानावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "तुमची आत आल्याची नोंद दिसत नाही. माझ्याकडून राहिली असेल... हल्ली राहतं कधीकधी." त्यांच्या आवाजात अशी काही भीती होती की तिला ती सहन होईना.

"राहिली नाही," ती घाईनं म्हणाली. "तुम्ही लिहिलीय. मागं बघा, सतरा तारखेला."

ते पानं उलटत मागं गेले. सतरा तारखेच्या ओळीवर बोट थांबलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "ही काय! आहे की. वडील. भेट." तारखेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी पेनचं टोपण काढलं, आणि मग लिहिण्याआधी, सवयीनं, तिच्या कानाकडे पाहिलं. कापलेल्या केसांमुळे कान उघडा होता. ते बघतच राहिले. कपाळावर आठी आली.

"ताई, राग मानू नका," ते हळूच म्हणाले, "पण तुमचे कान कुठंतरी पाहिल्यासारखे वाटतात."

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, आठवतंय का ते पाहिलं, मग मान हलवून पुन्हा वहीत वाकले.

"झाली ना पण भेट?"

"झाली," ती म्हणाली.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तिच्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात, रेघेवर नीट टेकवून, सहा अडतीस अशी वेळ लिहिली.

"बरं, जा," ते म्हणाले.